कोंबड्या थंडीने मरतात काय ?

मार्गशीर्ष सरून पौष लागला की नाशिक जिल्ह्याच्या निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात थंडीचा कडाका जाणवू लागतो. निफाडजवळील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याच्या नोंदी एकाहून अधिक हिवाळ्यांत झालेल्या आहेत. सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या परिसरात तर काही वर्षी पहाटेचे दव गवतावरच गोठते. अशा रात्री द्राक्षबागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवितो आणि पहाटे उठून बागेला पाणी सोडतो. त्याच घराच्या परसात दहा-पंधरा कोंबड्यांचे खुराडे असते. त्याच्या वाट्याला जुने तरट, खताच्या रिकाम्या गोण्या आणि प्लॅस्टिकचा फाटका कागद एवढेच येते. फट दिसेल तेथे चिंधी कोंबली जाते, दार घट्ट लावले जाते आणि कोंबड्यांचा बंदोबस्त झाला असे मानण्यात येते. पुढे आठ-पंधरा दिवसांत एखादी कोंबडी मान टाकते, दुसरी घरघर करू लागते, अंडी थांबतात. आणि ‘थंडीने गेली’ एवढ्या दोन शब्दांत त्या प्रकरणाचा निकाल लागतो.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. पूर्ण पिसांची, पोटभर खाल्लेली आणि अंगाने कोरडी असलेली कोंबडी महाराष्ट्रातील थंडीने सहसा मरत नाही. तिला मारतात त्या गोष्टी निराळ्या आहेत : खुराड्यातील ओल, कोंदलेली हवा, रात्रीचे रिकामे पोट आणि थंडीच्या नावाखाली दडून राहिलेला रोग. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तर थंडीपासून बचाव करण्याच्या सद्हेतूनेच माणूस आपल्या हाताने निर्माण करतो. परसातील कोंबड्या बहुधा घरातील स्त्रीच्या मालकीच्या असतात आणि अंड्यांचे पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना, आजारपणाला, अडीनडीला तिच्याच हातून खर्च होतात. दहांतील तीन कोंबड्या गेल्या तर मोठ्या शेतीच्या हिशेबात ती बाब दिसतही नाही, परंतु तिच्या हिशेबात ती मोठी खोट असते. म्हणून या प्रश्नाकडे किरकोळ म्हणून पाहणे बरोबर नाही.

निसर्गाने दिलेले पांघरूण

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश, म्हणजे माणसापेक्षा चांगले चार अंशांनी अधिक असते. तिच्या पिसांच्या तळाशी मऊ परांचा थर असतो आणि त्यात हवा अडकून राहते. थंडीत कोंबडी अंग फुलवून बसते, तेव्हा ती हाच हवेचा थर जाड करीत असते. गोधडीच्या दोन पदरांत कापूस जे काम करतो, तेच काम ही अडकलेली हवा करते. तिचे पाय उघडे असले तरी पायांकडे जाणारे उष्ण रक्त आणि पायांकडून परतणारे थंड रक्त यांच्या वाहिन्या एकमेकींना लागून असल्याने उष्णतेचा बराच अंश शरीराबाहेर न जाता परत आत वळतो. रात्री दांडीवर बसताना ती बोटे पोटाच्या पिसांखाली झाकून घेते आणि चोच पंखात खुपसते. एवढी तजवीज ज्या प्राण्यापाशी आहे, त्याला ६ किंवा ८ अंशांच्या थंडीचे भय वाटण्याचे कारण नाही.

मात्र या साऱ्या व्यवस्थेला एक अट आहे. पिसे कोरडी असली पाहिजेत. भिजलेल्या गोधडीत ऊब राहत नाही, तसेच ओलसर पिसांचेही होते. तसेच पिसांच्या आत शिरेल असा वाऱ्याचा थेट झोत अंगावर येता कामा नये. थंडीच्या तोंडावर ज्या कोंबड्यांची पिसे झडत असतात, त्यांची या दिवसांत विशेष निगा राखावी लागते. त्यांचे पांघरूणच अर्धे गेलेले असते.

अतिशीत प्रदेशांचा अनुभव

ज्या देशांत हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली २०-३० अंश जातो, तेथे लोक कोंबड्या कशा पाळतात, हे पाहणे उद्बोधक आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ओका येथील ख्रिस्ती मठाच्या शेतीत ब्रदर विल्फ्रिड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक वर्षे संकर करून ‘शांतक्लेर’ नावाची जात तयार केली आणि १९१८ मध्ये ती लोकांपुढे आली. तेथील कडक थंडीत मोठ्या तुऱ्याच्या लेगहॉर्नसारख्या कोंबड्यांचे तुरे गोठत आणि काळे पडत. म्हणून या जातीचा तुरा आणि गलोल मुद्दाम अगदी लहान ठेवण्यात आले. या संकरात वापरलेल्या कॉर्निश जातीत भारतातील असील कोंबड्यांचे रक्त आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

या अनुभवातील दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील थंड राज्यांत एके काळी बंदिस्त, उबदार खुराड्यांची रीत होती. कोंबड्या आजारी पडत, तुरे गोठत, जमीन ओली राही. त्याच भागात डॉ. प्रिन्स वुड्स यांच्यासारख्यांनी दक्षिणेची बाजू उघडी, तेथे केवळ तारेची जाळी आणि उरलेल्या तिन्ही बाजू बंद, अशा खुराड्यांचा पुरस्कार केला. बर्फाच्या प्रदेशात खुराड्याची एक बाजू उघडी ठेवावी, हे ऐकणाऱ्यास वेडेपणाचे वाटावे. पण आतील हवा बाहेरच्याइतकीच थंड असली तरी कोरडी राहिली, आणि तेवढ्याने पक्ष्यांचे निभावले. काश्मीर खोऱ्यातही २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या ‘चिल्लई कलान’मध्ये पाणवठे गोठतात, आणि काश्मीर फेव्हरोला ही तेथील नोंदणीकृत जात खेड्यांतील परसांतच वाढते.

तुरे गोठण्याची भीती महाराष्ट्रात जवळजवळ नाही. म्हणून तुऱ्याला खोबरेल चोपडीत बसण्यापेक्षा तो वेळ खुराड्याची गादी उलथण्यात घालविला तर अधिक उपयोग होईल.

बंद खुराड्यात काय घडते

दहा कोंबड्या दिवसभरात दोन लिटरच्या आसपास पाणी पितात. त्यातील काही भाग अंड्यांत जातो. उरलेले बहुतेक पाणी श्वासावाटे वाफेच्या रूपाने आणि विष्ठेवाटे बाहेर पडते. ताज्या विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. हिवाळ्याची रात्र लांब. तिन्हीसांजेस आत गेलेल्या कोंबड्या सकाळी सात वाजता बाहेर येतात. म्हणजे बारा-तेरा तास ही वाफ आणि ही विष्ठा आतच साठते. खुराडे सर्व बाजूंनी बंद असले की वाफेला जावयास वाट नसते. ती वर चढते, थंड पत्र्याला लागून तिचे थेंब बनतात आणि ते थेंब पहाटेच्या ऐन गारठ्यात कोंबड्यांच्या पाठीवर टपकतात. ज्या पिसांच्या भरवशावर पक्षी थंडीशी झगडत असतो, ती पिसे अशा रीतीने घरातल्या घरातच भिजतात.

दुसरा अपाय डोळ्यांना न दिसणारा आहे. ओल्या विष्ठेत जंतूंच्या क्रियेने अमोनिया वायू तयार होतो. तो कोंबडीच्या डोळ्यांना झोंबतो आणि श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसांचा नाश करतो. श्वासाबरोबर आत येणारी धूळ व जंतू बाहेर लोटण्याचे काम हे केस करीत असतात. पहारेकरीच नाहीसा झाल्यावर साधा सर्दीचा जंतूही आत ठाण मांडतो. मग कोंबडी घरघर करते, नाकातून पाणी येते, खाणे सुटते, आणि घरचे लोक म्हणतात, ‘हिला थंडी बाधली’. त्यावर उपाय म्हणून आणखी एक गोणपाट चढविले जाते.

खुराडे योग्य आहे किंवा नाही, हे पारखण्यास यंत्र लागत नाही. सकाळी दार उघडताच प्रथम आपले तोंड आत घालावे. डोळे चुरचुरले, नाकाला उग्र दर्प आला किंवा छताला आतून हात लावल्यावर हात ओला झाला, तर खुराड्याला हवा कमी पडते आहे. गादीतील मूठभर तूस हातात आवळून पाहावे. त्याचा गोळा बनला तर ते बदलण्याची वेळ झाली, आणि मूठ उघडताच ते सुटे पडले तर ठीक आहे.

वारा अडवावा, हवा अडवू नये

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. अंगावर येणारा वारा आणि डोक्यावरून खेळणारी हवा या दोन गोष्टी एक नव्हेत. कोंबडी ज्या दांडीवर बसते तिच्या उंचीपर्यंत खुराड्याच्या भिंती भरीव असाव्यात; तेथे फट राहू नये. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर, छपराच्या लगत, लांबीभर वीतभर रुंदीची मोकळी जागा सोडून तिला बारीक जाळी मारावी. जाळीचे छिद्र अर्ध्या इंचाहून मोठे नसावे, नाहीतर मुंगूस आणि साप यांना आयतेच दार मिळते. महाराष्ट्रात हिवाळ्याचा वारा मुख्यतः उत्तर व ईशान्य दिशांकडून येतो, तेव्हा त्या बाजू बंद ठेवून खुराड्याचे तोंड दक्षिणेस असावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दुपारचे ऊन खोलवर आत पोहोचते आणि गादी आपोआप वाळते. तरट लावावयाचेच असेल तर ते उत्तरेच्या बाजूस खालच्या भागात लावावे आणि रोज सकाळी गुंडाळून ठेवावे.

पत्र्याचे छप्पर असल्यास त्यावर उसाचे पाचट, सरमड किंवा गवत अंथरून बांधावे. त्याने पत्रा थंड पडत नाही आणि थेंब धरीत नाहीत. शिवाय चैत्र-वैशाखात तेच पाचट उन्हापासून आडोसा देते. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा चार ते पाच इंच जाडीचा असावा, तो आठवड्यातून दोनदा उलथावा आणि ओला भाग उचलून उकिरड्यावर टाकावा. बसावयाची दांडी गोल व बारीक नसावी. दोन इंच रुंद, वरून सपाट आणि कडा घासलेली पट्टी असली म्हणजे कोंबडीची बोटे पोटाखाली पूर्ण झाकली जातात. ही गोष्ट लहान दिसते, परंतु बांबूच्या गोल कांबीला बोटे आवळून बसलेल्या कोंबडीची नखे रात्रभर उघडी राहतात.

गर्दी करून ऊब मिळेल या समजुतीने पंधरा कोंबड्या एका लहान पेटीत कोंबण्याची रीत काही ठिकाणी आहे. ऊब मिळते हे खरे, पण ओलही तितकीच वाढते. पक्ष्यामागे निदान दीड ते दोन चौरस फूट जागा द्यावी. आत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार लावणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. कोळशाच्या विषारी धुराने एका रात्रीत सगळे खुराडे रिकामे होते आणि गवताच्या छपराला आग लागण्याचा धोका वेगळाच.

दाणा, पाणी आणि अंडी

थंडीत शरीर तापविण्यासाठी कोंबडीला अधिक अन्न लागते. परसातील कोंबडी दिवसभर हिंडून मिळेल ते टिपते, पण हिवाळ्यात किडे कमी असतात आणि दिवसही लहान असतो. म्हणून सायंकाळी आत जाण्यापूर्वी प्रत्येक पक्ष्यास मूठभर भरडलेला मका, बाजरी किंवा ज्वारी द्यावी. गळ्याखालील पिशवीत साठलेले हे दाणे रात्रभर हळूहळू पचत राहतात आणि त्या पचनातूनच ऊब मिळते. सकाळी दाणे टाकून संध्याकाळी उपाशी आत पाठविणे हा क्रम या दिवसांत उलटा करावा. बुरशी आलेला मका मात्र ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून टाकू नये. त्यातील विष यकृत बिघडविते.

रात्रीचे साचलेले बर्फासारखे पाणी कोंबड्या पीत नाहीत, आणि पाणी कमी झाले की अंडी कमी होतात. सकाळी विहिरीचे ताजे उपसलेले पाणी ठेवावे. हिवाळ्यात ते कोमटच असते. पाण्याचे भांडे रात्री खुराड्यात ठेवू नये.

अंडी घटण्याचा सारा दोष थंडीच्या माथी मारू नये. कोंबडीचे अंडे देणे बरेचसे उजेडाच्या तासांवर अवलंबून असते. डिसेंबरच्या अखेरीस नाशिककडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, आणि अंड्यांचा क्रम टिकण्यास १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. देशी कोंबडी या काळात विश्रांती घेते, पिसे बदलते, हे तिच्या प्रकृतीस धरूनच आहे.

थंडीच्या नावाखाली लपणारा रोग

एकाएकी दोन-तीन दिवसांत अर्धे खुराडे रिकामे झाले, तर ती थंडी नव्हे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, थंडीच्या दिवसांतही गावेच्या गावे रिकामी करतो. मान वाकडी होणे, हिरवट पातळ हगवण, पंख लुळे पडणे ही त्याची खूण. याला औषध नाही, लस आहे : पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बी. मर सुरू झाल्यावर उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेऊन विकण्याची सवय या रोगाला गावोगाव पोहोचविते.

याहून गंभीर अशी गोष्ट म्हणजे बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे हा रोग निघाला. दोन्ही महिने थंडीचे आहेत. ज्या महिन्यात ‘थंडीने गेल्या’ असे म्हणण्याची प्रथा आहे, त्याच महिन्यात मेलेल्या कोंबड्यांकडे अधिक संशयाने पाहिले पाहिजे. एकापाठोपाठ मरणाऱ्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, ते खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.

पिल्लांचा प्रश्न

वर जे सांगितले ते मोठ्या कोंबड्यांचे. एक दिवसाच्या पिल्लापाशी यांतले काहीच नसते. त्याच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. आणि स्वतःचे तापमान राखण्याची शक्ती त्याला पुढील दोन-तीन आठवड्यांत हळूहळू येते. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाजवळ सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी कमी करीत आणता येते. बाहेर ७ अंश असताना ओसरीवरच्या खोक्यात ३५ अंश टिकविणे हे सोपे काम नव्हे. ऊब कमी पडली की पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी खोक्याच्या कोपऱ्यात जो मेलेल्या पिल्लांचा ढीग सापडतो, तो असा झालेला असतो. म्हणूनच पिल्लांभोवती पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल कडे करावे. त्याला कोपरा नसावा.

अलीकडे यात एका नव्या अडचणीची भर पडली आहे. पूर्वी शंभर वॅटचे दोन पिवळे दिवे टांगले की शंभर पिल्लांची सोय होई. आता घराघरांत एलईडी दिवे आले आहेत. ते वीज वाचवितात, परंतु त्यांच्यापासून म्हणण्यासारखी ऊब मिळत नाही. दिवा पेटलेला पाहून पिल्ले उबेत आहेत असे मालकिणीला वाटते आणि पिल्ले उजेडात काकडत असतात. तारेच्या जुन्या धर्तीचा दिवा किंवा उष्णतेसाठीच बनविलेला दिवा मिळवावा, आणि रात्रीची वीज जाते त्या गावात पर्याय आधीच हाताशी ठेवावा. ऊब पुरते की नाही, ते पिल्लेच सांगतात : दिव्याखाली दाटी केली तर कमी, दिव्यापासून दूर जाऊन चोची उघडल्या तर जास्त, सर्वत्र सारखी पांगली तर योग्य, आणि सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून वाऱ्याची झुळूक येते आहे.

ज्या घरी खुडूक कोंबडी आहे, तिला या सर्व खटाटोपाची गरज नाही. तिच्या पोटाखालची ऊब वीज गेल्याने जात नाही. मात्र थंडीत तिच्याखाली नेहमीप्रमाणे बारा-तेरा अंडी न ठेवता नऊ-दहाच ठेवावीत, म्हणजे कडेची अंडी उघडी पडत नाहीत.

या विषयाचा एक भाग शेतकऱ्याच्या हाती नाही, वाटप करणाऱ्यांच्या हाती आहे. शासकीय योजनांमधून परसातील कुक्कुटपालनासाठी एकदिवसीय पिल्लांचे गट आणि वाढविलेल्या तलंगांचे गट असे दोन्ही प्रकार दिले जात आलेले आहेत. पिल्लू स्वस्त असते आणि त्याच पैशांत अधिक घरांना गट देता येतात, हे खरे. पण ज्या कुटुंबापाशी ना दिवा, ना बंद खोली, ना कोंबड्यांचा अनुभव, त्याला पौषात शंभर पिल्लांची पेटी देणे म्हणजे अनुदानाचे पैसे आणि त्या कुटुंबाचा स्वतःचा हिस्सा दोन्ही थंडीत सोडून देण्यासारखे आहे. ‘पिल्ले दिली’ असा शेरा नोंदवहीत येतो, मार्चमध्ये त्यांतली किती हयात आहेत हे मात्र कोणी विचारीत नाही; आणि एकदा हात पोळलेली बाई पुन्हा कोंबड्यांच्या वाटेस जात नाही. वाटपाचे वेळापत्रक आर्थिक वर्षावरून न ठरता ऋतूवरून ठरावे. एकदिवसीय पिल्ले द्यावयाची तर ती दसऱ्यापूर्वी द्यावीत, म्हणजे पौषापर्यंत ती दहा-बारा आठवड्यांची होऊन अंगावर पुरती पिसे धरतील. तो काळ हुकला तर महाशिवरात्रीपर्यंत थांबावे. मधल्या काळात द्यावयाच्या त्या आठ-दहा आठवड्यांच्या, लस टोचलेल्या तलंगाच असाव्यात, आणि त्या पोहोचण्याच्या आठ दिवस आधी गावी जाऊन त्या घरचे खुराडे कोणी तरी पाहून यावे.